रयत, जकात, मोसम

मे महिना सरत आला की मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जातात. इंजिनं उतरतात, जाळी सुकवून आणि फाटलेली शिवून घरात जातात, होड्यांवर झापं चढतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. मोसम संपला, असं किनाऱ्यावर कुणीही सांगतं. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. तो आपलाच, समुद्राच्या पोटातून आलेला, असं धरून चाललो होतो. पुष्कळ वर्षांनी एकदा अरबी कोश उघडला आणि त्या शब्दाच्या तळाशी समुद्राचा थेंबही सापडला नाही. तिथे होता उंट.

मौसिम हा शब्द अरबी. त्याचा धातू व-स-म, म्हणजे खूण करणं, डाग देणं. वाळवंटातल्या टोळ्या आपल्या उंटाच्या मांडीवर किंवा मानेवर तापल्या लोखंडाने जी खूण उमटवत, तिचं नाव वस्म. शरदातला पहिला पाऊस उघड्या जमिनीवर हिरवी खूण करून जातो म्हणून तो वस्मी. खुणेने ठरलेला काळ, जत्रेचा काळ, तो मौसिम. पुढे अरब खलाशांनी वाऱ्यांच्या ठरलेल्या काळाला तेच नाव दिलं. पोर्तुगिजांनी ते उचललं, इंग्रजांनी त्याचं मान्सून केलं, आणि आपण पाठ्यपुस्तकात मोसमी वारे असं लिहिलं. उंटाच्या कातडीवरची खूण अशी आपल्या आभाळावर येऊन बसली.

या पुस्तकाची सुरुवात कोशाच्या त्या पानावर झाली. मग मी असे शब्द शोधतच गेलो. मजल दरमजल करत गेलो, असं आपण म्हणतो. ही मजल म्हणजे अरबी मंजिल, उंटावरून उतरायची जागा. कुटुंबकबिल्यातला कबिला म्हणजे टोळी. अक्कल हा शब्द तर मला दोन रात्री झोपू देईना. उंट रात्री भटकू नये म्हणून त्याचा पुढचा पाय गुडघ्यात दुमडून जी दोरी बांधतात ती इकाल, आणि ज्या धातूपासून ती दोरी आली त्याच धातूपासून अक्ल. मन भरकटू नये म्हणून त्याला घातलेलं दावं, ही उकल अरबी कोशकारांनी स्वतःच करून ठेवली आहे. जकात हा शब्द आपण शहराच्या नाक्यावर उभ्या ट्रकांमुळे ओळखतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईतली जकात गेली. पण तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी अरबस्तानात ही जकात उंट आणि शेळ्या मोजून घेतली जाई.

सगळ्यांत मोठा शब्द रयत. अरबीत त्याचा मूळ अर्थ चरायला सोडलेला, राखणीतला कळप. राखणारा तो राई, राखलेली ती रइय्या. राज्यकर्ता हा गुराखी आणि प्रजा हा त्याच्याकडे राखायला दिलेला कळप, ही कल्पना इराण ओलांडून दख्खनमध्ये आली आणि इथे तिला मराठी मातीचा वास लागला. चिपळूणच्या छावणीला लिहिलेल्या शिवकालीन पत्रात घोड्यांचं दाणागवत बेताने वापरा, रयतेला काडीचाही उपद्रव देऊ नका, ही ताकीद आहे. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी संस्था काढली तेव्हा तिच्या नावात हाच शब्द आला. ज्या भाषेने आपल्या शेतकऱ्याचं नाव वाळवंटातल्या गुराख्याकडून घेतलं, त्या भाषेच्या वाचकाला त्या गुराख्याची गोष्ट मराठीत वाचायला मिळायला हवी. या पुस्तकाचं कारण तेवढंच आहे.

विषय दोन धाग्यांचा आहे. सातव्या शतकात अरबस्तानात इस्लामचा उदय झाला, हा एक. त्याच भूमीत उंट, शेळ्या, मेंढ्या घेऊन पाण्यामागे फिरणारे लोक राहत होते, हा दुसरा. आपल्या मनात हे दोन धागे एकमेकांत गुंतून त्यांचं एकच चित्र झालेलं असतं : वाळूतून धुरळा उडवत येणारे घोडेस्वार आणि त्यांचा धर्म. हे चित्र चुकीचं आहे आणि त्याने दोघांवरही अन्याय केला आहे. इस्लामचा जन्म मक्का नावाच्या व्यापारी गावात झाला आणि राज्य म्हणून तो मदीना नावाच्या खजुराच्या बागांच्या वस्तीत उभा राहिला. त्याचे पुढारी गावकरी होते. भटक्यांशी त्यांचा संबंध गरजेचा, नात्याचा, संशयाचा आणि कधी रक्ताचा होता. शहर आणि कुरण यांच्यातला तो व्यवहार नीट पाहिल्याशिवाय तो काळ कळत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

हा व्यवहार समजायला कोकणातल्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. किनाऱ्यावरून पूर्वेला निघालं की आधी खाडी, मग भातशेतीचे मळे, मग जांभा दगडाचा सडा, मग सह्याद्रीच्या उताराला टेकलेले धनगरवाडे. तिथले गवळी धनगर म्हशी-गाई राखत, दूध, लोणी, तूप खाली आणत आणि भात, मीठ, सुकी मासळी वर नेत. खालच्या माणसाला वरच्या माणसाचं लोणी हवं असे, पण त्याला आपल्या पंगतीत बसवायची तयारी नसे. वरच्या माणसाला खालचं मीठ लागे, पण खालच्यासारखं एका जागी रुतून बसणं त्याला मानवत नसे. कोकणापलीकडच्या माणदेशातले मेंढके दिवाळीनंतर कळप घेऊन चराईला बाहेर पडतात, शेतकरी आपल्या रानात खतासाठी मेंढरं बसवून घेतात आणि त्याचा मोबदला देतात. म्हणजे भटक्याचं जगणं कधीच स्वयंपूर्ण नसतं. त्याला गाव लागतं, गावाला तो लागतो. हे सूत्र हाती धरून अरबस्तानात शिरलं की वाट सापडते.

तिथला भूगोल कठोर आहे. शेळ्या-मेंढ्यांना दर काही दिवसांनी पाणी लागतं, म्हणून त्यांचे मालक विहिरींपासून लांब जाऊ शकत नाहीत. उंटाची गोष्ट वेगळी. हिवाळ्यात हिरवा चारा असेल तर तो कित्येक आठवडे पाण्याविना राहतो, आणि तहानलेला उंट दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊन जातो. माणसाला न चालणारं मचूळ पाणी त्याला चालतं, आणि त्या पाण्याचं दूध होऊन ते माणसाच्या पोटात जातं. पण सांडणी तेरा महिने गाभण राहते आणि दोन वर्षांत जेमतेम एक पिल्लू देते. एका दुष्काळात कळप गेला की तो पुन्हा उभा राहायला अर्धं आयुष्य लागतं. म्हणून टोळ्या एकमेकींचे उंट पळवत. या धाडींचे नियम होते, मर्यादा होत्या, आणि त्यांत शक्यतो माणूस मारला जाऊ नये अशी रीत होती, कारण एक खून पडला की सुडाचा हिशेब पिढ्यान्पिढ्या चाले. उन्हाळ्यात सगळे बारमाही विहिरींजवळ गोळा होत, खजूर पिकला की बागाईतदारांकडे येत. लोकर, कातडी, तूप आणि जनावरं द्यायची. खजूर, धान्य, कापड, हत्यारं घ्यायची.

मक्केत यातलं काहीच पिकत नव्हतं. उघड्या डोंगरांमधली कोरडी दरी, झमझमची विहीर आणि काबा. पण त्या देवस्थानाच्या हद्दीत रक्त सांडायचं नाही हा दंडक होता, आणि वर्षातले चार महिने धाडी बंद ठेवायचा रिवाज होता. त्या महिन्यांत उकाझसारख्या जत्रा भरत. टोळ्या आपले कवी घेऊन येत, सौदे होत, जुनी भांडणं मिटत. आपल्याकडे आंगणेवाडीच्या जत्रेला मुंबईचा चाकरमानी आणि गावचा माणूस एका मांडवात येतो, तसा तो काळ टोळ्यांना एका जागी आणी. मक्केच्या कुरैश टोळीचा व्यापार नेमका कशाचा, यावर अभ्यासकांत मोठा वाद झाला. मॉन्टगोमेरी वॉट यांनी १९५३ च्या पुस्तकात मक्केला मोठ्या, श्रीमंत व्यापाराचं केंद्र मानलं. पॅट्रिशिया क्रोन यांनी १९८७ मध्ये ते चित्र जवळजवळ मोडून काढलं आणि म्हटलं, हा व्यापार मसाल्यांचा नव्हताच, तो कातडी, कपडे, जनावरं, तूप यांचा होता. क्रोन यांचे सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत, पण हा मुद्दा पटतो. मक्केचे तांडे ज्या मालावर चालत तो माल कुरणातून येत होता.

मुहंमद पैगंबरांच्या चरित्रात हे कुरण पहिल्याच पानावर आहे. इ.स. ५७० च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील आधीच वारलेले. शहरातलं मूल वाळवंटातल्या दाईकडे दूध पाजायला आणि वाढवायला द्यायची तेव्हा रीत होती : हवा चांगली, भाषा शुद्ध. परंपरा सांगते की बनू साद टोळीची हलीमा दुष्काळाच्या वर्षी मक्केला आली तेव्हा तिच्या म्हाताऱ्या सांडणीला दुधाचा थेंब नव्हता, आणि पोरकं मूल घ्यायला इतर कुणी दाई तयार नव्हती. हलीमाने ते घेतलं. पुढे थोडं मोठं झाल्यावर या मुलाने मक्केवाल्यांच्या शेळ्या-मेंढ्या राखल्या. प्रत्येक पैगंबराने कधी ना कधी कळप राखला आहे, असं ते नंतर सांगत असल्याची नोंद हदीसमध्ये आहे.

हलीमाची ही टोळी हवाझिन नावाच्या मोठ्या टोळीसमूहातली. हे लक्षात ठेवायचं, कारण साठेक वर्षांनी हेच हवाझिन पैगंबरांसमोर रणात उभे राहिले. इ.स. ६२२ मध्ये पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले, ६३० मध्ये मक्का त्यांच्या हाती आली, आणि काही आठवड्यांत हुनैनच्या दरीत हवाझिनांशी गाठ पडली. त्यांचा तरुण सरदार मालिक याने एक विलक्षण गोष्ट केली होती. सगळ्या बायकामुलांना, उंटांना, मेंढरांना त्याने लढणाऱ्यांच्या मागे आणून उभं केलं. मागे सर्वस्व असलं की कुणी पळणार नाही, हा त्याचा हिशेब. टोळीतला म्हातारा योद्धा दुरैद आंधळा झाला होता. त्याने उंटांचं गुरगुरणं, गाढवांचं ओरडणं आणि पोरांचं रडणं ऐकलं आणि विचारलं, हे इथे कशाला? पळायची वेळ आलेल्या माणसाला काहीच अडवत नाही, आणि हरलात तर सगळंच जाईल, हे त्याने मालिकला बजावलं. मालिकने ऐकलं नाही. दिवस हवाझिनांच्या विरुद्ध गेला. परंपरेने दिलेले आकडे असे : सहा हजार कैदी, चोवीस हजार उंट, चाळीस हजारांवर शेळ्या-मेंढ्या. आकडे फुगलेले असतील, तरी एका दिवसात एका टोळीसमूहाचं सारं भांडवल गेलं हे त्यातून कळतं.

पुढचा प्रसंग मी या पुस्तकासाठी वाचलेल्या साऱ्या सामग्रीत सर्वांत मोलाचा मानतो. कैद्यांमध्ये शैमा नावाची एक प्रौढ बाई होती. ती म्हणाली, मी तुमच्या पैगंबराची दूधबहीण, हलीमाची मुलगी. तिची ओळख पटली आणि तिला मानाने बसवून घेतलं. मग हवाझिनांचे लोक आले आणि त्यांनी नात्याची आठवण दिली. या कोंडवाड्यांत तुमच्या दूधमावश्या आणि तुम्हाला अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या बायका आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. जनावरं हवीत की माणसं, असं त्यांना विचारलं गेलं. त्यांनी माणसं मागितली, आणि कैदी सोडले गेले. ज्या लोकांची संपत्ती चार पायांवर चालते, त्यांनी निवडायची वेळ आल्यावर काय निवडलं ते इथे दिसतं.

त्यानंतरच्या दोन वर्षांत टोळ्यांची शिष्टमंडळं मदिनेला येत राहिली, आणि मदिनेतून वसुली करणारे टोळ्यांकडे जात राहिले. जकातीचे दर ठरलेले होते. पाच उंटांना एक शेळी. पंचवीस उंट झाले की वर्षाची एक सांडणी. चाळीस मेंढरांना एक मेंढरू. तीस गाई-बैलांना एक वासरू. रानात मोकळी चरणारी जनावरंच मोजायची. नांगराला किंवा ओझ्याला जुंपलेलं जनावर बहुतेक शास्त्रकारांनी जकातीतून वगळलं. धर्माच्या दृष्टीने हे दान होतं, संपत्तीची शुद्धी होती. पण ज्या टोळीने आजवर कुणालाच काही दिलं नव्हतं, तिला आपला उंट दुसऱ्याच्या खुणेखाली जाताना काय वाटलं असेल? ६३२ मध्ये पैगंबर गेले आणि अनेक टोळ्यांनी हात आखडता घेतला. नमाज पढू, जकात देणार नाही, असं काहींचं म्हणणं होतं. तमीम टोळीच्या मालिक इब्न नुवैरा याने गोळा केलेले उंट लोकांना परत वाटून टाकले, आणि तो त्यात जिवाला मुकला. पहिले खलीफा अबू बक्र यांनी जाहीर केलं की पैगंबरांना जे दिलं जाई त्यातलं उंटाचं एक दावंही कुणी अडवलं, तर त्यासाठी मी लढेन. दाव्यासाठी त्यांनी वापरलेला शब्द इकाल. अकलेचा सख्खा भाऊ. वर्षभराच्या आत बंड मोडलं गेलं आणि अरबस्तानाच्या इतिहासात प्रथमच एका गावाचा हुकूम सगळ्या कुरणांवर चालू लागला.

इथे हिमा या संस्थेबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण मराठी वाचकाला ती चटकन कळेल आणि आजही ती कामाची आहे. हिमा म्हणजे राखून ठेवलेलं कुरण. इस्लामपूर्व काळात बलाढ्य सरदार चांगली चराई आपल्या कळपासाठी अडवत आणि दुसऱ्यांना तिथे फिरकू देत नसत. पैगंबरांनी ही खाजगी मक्तेदारी मोडली. कुरण राखायचं तर ते सार्वजनिक कामासाठीच. मदिनेजवळचं नकी असं घोड्यांसाठी राखलं गेलं. दुसरे खलीफा उमर यांच्या काळात रबझाचं कुरण सरकारी उंटांसाठी राखलं. त्यांनी राखणदार नेमला आणि त्याला जे सांगितलं ते हदीसच्या संग्रहात उतरलं आहे. मथितार्थ असा : चार उंट, चार शेळ्या असलेल्या गरिबाला आत येऊ दे, पण इब्न औफ आणि उस्मान यांच्यासारख्या धनवानांच्या कळपांना बाहेर ठेव. त्यांची जनावरं मेली तरी त्यांच्याकडे बागा आहेत, शेती आहे. गरिबाची मेली तर तो पोराबाळांसह माझ्या दारात येऊन उभा राहील, आणि त्याला सोनंनाणं देण्यापेक्षा गवत आणि पाणी देणं मला स्वस्त पडेल. वर त्यांनी हेही कबूल केलं की ही जमीन त्या लोकांची आहे, ती राखून ठेवल्याने आपण अन्याय केला असं त्यांना वाटत असेल. पुढे उस्मान स्वतः खलीफा झाले तेव्हा हिमा वाढवल्याबद्दल लोक त्यांच्यावर नाराज झाले. गायरान कुणाचं, त्यात कुणाची गुरं जायची, ते कोण अडवतो, हा प्रश्न ज्याच्या गावात आहे त्याला हा सगळा तपशील परका वाटणार नाही. आणि असा प्रश्न नसलेलं गाव आपल्याकडे मला तरी ठाऊक नाही.

जिंकण्याच्या काळाबद्दल मी फार लिहिलेलं नाही. यर्मूक ६३६ ची, कादिसिया त्याच सुमाराची. या लढायांवर इतरत्र पुष्कळ मिळेल. मला महत्त्वाचं वाटतं ते लढाईनंतरचं. टोळीवाले घरी परतले नाहीत. त्यांच्यासाठी बसरा, कूफा, फुस्तात ही छावणीची गावं वसवली गेली. टोळीवार आळ्या पडल्या, नावं वहीत चढली, वर्षासन ठरलं. कुरणातला माणूस पगारी शिपाई झाला आणि दोन पिढ्यांत शहरी झाला. एकदा गावात येऊन बसलेल्याने पुन्हा भटकायला जाणं हे तर पाप मानलं जाऊ लागलं. कुरआनातही रानातल्या अरबांबद्दलचा सूर संमिश्र आहे. त्यांच्यात पक्के नाकारणारे आहेत आणि खरे श्रद्धावानही आहेत, असं तिथे म्हटलं आहे. केवळ शरण आलात म्हणजे श्रद्धा अंतःकरणात उतरली असं नव्हे, अशी समजही दिली आहे. फ्रेड डॉनर यांनी १९८१ मध्ये मांडलं की हे विजय भटक्यांच्या लाटेने झाले नाहीत, गावकरी पुढाऱ्यांनी भटक्यांना शिस्तीत बांधलं म्हणून झाले. माझी मांडणी याच्या जवळ जाते. १३७७ मध्ये इब्न खलदून यांनी मुकद्दिमा लिहिला तेव्हा त्यांनी याच नात्याचा सिद्धांत केला : रानातली माणसं एकमेकांना धरून असतात, ती एकजूट राज्य उभं करते, आणि शहरात आल्यावर तीच एकजूट विरघळते. मालवणच्या रापणीचा दोर ओढणाऱ्यांना पाहताना मला या एकजुटीसाठी इब्न खलदून यांनी वापरलेल्या असबिय्या या शब्दाचा अर्थ पहिल्यांदा नीट कळला. दोर सगळ्यांनी मिळून ओढायचा, आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला.

हे सारं आपल्या किनाऱ्याला केव्हा भिडलं? फार लवकर. नवव्या शतकातला इतिहासकार बलाझुरी सांगतो की उमर यांच्या कारकिर्दीत, इ.स. ६३६ च्या सुमारास, बहरैन-उमानचा सुभेदार उस्मान सकफी याने ठाण्यावर आरमार पाठवलं. माणसं सुखरूप परतली. उमर यांना मात्र राग आला. लाकडावर चिकटलेल्या किड्यांसारखी माणसं समुद्रात सोडलीस, ती गेली असती तर तितकीच तुझ्या टोळीतून घेतली असती, अशा आशयाचं पत्र त्यांनी सुभेदाराला धाडलं. म्हणजे मराठी मुलखाशी नव्या राज्याची पहिली गाठ ही खलिफाला नको असलेली गाठ होती. त्यानंतर किनाऱ्यावर जे टिकलं ते व्यापाऱ्यांचं जाणं-येणं.

आपल्या शिलालेख-ताम्रपटांत या अरबांचं नाव येतं ते ताजिक. हे नाव तय्यी या अरब टोळीवरून निघालं, इराण्यांनी ते सगळ्या अरबांना लावलं आणि ते आपल्यापर्यंत आलं. अरबी घोडा तो ताजी. (ताजी भाजी यातला ताजा हा शब्द वेगळा, फारसी.) वर्षफल सांगणारा जोशी ज्याला ताजिक म्हणतो, त्या शास्त्राचं नावही हेच. डहाणूजवळच्या चिंचणीला मिळालेल्या शके ८४८ च्या, म्हणजे इ.स. ९२६ च्या ताम्रपटात राष्ट्रकूटांनी संजाणवर नेमलेला ताजिक अधिकारी मधुमती याचं नाव आहे. मधुमती म्हणजे मुहंमद. त्याने नदीवर फुकट तर चालवली, अन्नछत्र घातलं, आणि भगवती देवीच्या मठाला जमीन देण्यास संमती दिली. त्याच्या दहा वर्षं आधी अरब प्रवासी अल-मसूदी चौलला आला होता. सिराफ, उमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून दहा हजार मुसलमान तिथे राहतात, त्यांचा न्यायनिवाडा त्यांचाच मुखिया करतो, असं त्याने लिहून ठेवलं.

आमच्या सिंधुदुर्गात खारेपाटण आहे. आज वाघोटणच्या खाडीत गाळ साचला आहे, पण शके ९३० मधल्या, म्हणजे इ.स. १००८ मधल्या रट्टराज शिलाहाराच्या ताम्रपटात परदेशातून येणाऱ्या दर गलबतामागे एक गद्याण सोनं देवस्थानाला लावून दिलं आहे. ती गलबतं कुठली असणार? त्या काळी या किनाऱ्याला पश्चिमेकडून येणाऱ्या गलबतांची बंदरं इराणच्या आखातात आणि अरबस्तानच्या काठावर होती. कोकणी मुसलमान आजही शाफई पंथाचे आहेत, तर उत्तरेतून खुश्कीच्या वाटेने आलेला इस्लाम बहुतेक हनफी. नमाजाच्या रीतीतला हा बारीक फरक सांगतो की इथला इस्लाम समुद्राने आला. ज्यांना शेजाऱ्याचा इतिहास घोड्याच्या टापांनीच सुरू होतो असं वाटतं, त्यांनी ही गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी.

घोडेही गलबतांतूनच आले. अरबस्तानातल्या टोळ्यांनी पिढ्यान्पिढ्या वंशावळी तोंडपाठ ठेवून जोपासलेलं हे जनावर चौल, दाभोळ, गोव्याला उतरे आणि घाट चढून दख्खनच्या फौजांत जाई. इथल्या दमट हवेत ते फार टिकत नसे, म्हणून दरवर्षी नवे लागत. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदल, मगच परत देतो, अशी अट घातली. एका खुरासानी मुसलमानाने मध्ये पडून त्याची सुटका केली. एकाच धर्माची दोन माणसं, एक अडवणारा, एक सोडवणारा. इतिहास लिहिताना दोघांचीही नोंद करायची असते.

मराठीत या विषयाला लागणारी तयारी आधीच झालेली आहे, हेही सांगितलं पाहिजे. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या वाड्यांवर फिरून बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबांच्या ओव्या ऐकल्या आणि मेंढपाळांचे देव शेतकऱ्यांचे, मग राजांचे कसे होतात ते दाखवलं. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ मध्ये विठ्ठलामागचा गवळी-धनगरांचा देव उलगडला. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी सह्याद्रीतल्या गवळी धनगरांचं जगणं निसर्गाच्या हिशेबात मांडलं. या तिघांचौघांचं काम ज्याने वाचलं आहे, त्याच्याकडे हवाझिन आणि कुरैश समजून घ्यायला लागणारी दृष्टी आहे. मी ती फक्त पश्चिमेकडे वळवली.

सामग्रीबद्दल एक सूचना. पैगंबरांच्या चरित्राचे लेखी आधार त्यांच्यानंतर शे-दोनशे वर्षांनी आकाराला आले. इब्न इसहाक आठव्या शतकातले, बलाझुरी नवव्या. त्यामुळे पुढच्या प्रकरणांत जिथे परंपरा सांगते असं मी लिहिलं आहे, तिथे वाचकाने तो शब्द गाळून वाचू नये. अरबी नावं मराठी तोंडाला जशी येतात तशी लिहिली आहेत.

आणि वाचकाला एक विनंती. धनगरवाड्यावर अजून अशी म्हातारी माणसं आहेत ज्यांना आपल्या आणि शेजारच्या कळपांच्या कानावरच्या खुणा ओळखता येतात, आणि किनाऱ्यावरच्या मोहल्ल्यांत अशी घरं आहेत जिथे गलबतांच्या, खलाशीपणाच्या आठवणी सांगितल्या जातात. यातलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर हे पुस्तक बाजूला ठेवा, वही घ्या, आणि या पावसाळ्यात त्यांच्याकडे जाऊन बसा. खुणांची चित्रं काढून घ्या, शब्द त्यांच्या तोंडचे जसेच्या तसे उतरवा, गावाचं नाव आणि तारीख घाला.